एका विमानाची प्रतिकृती

दिवाळीच्या सुमारास महाराष्ट्रातील मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात, त्यावर अळीव पेरतात आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे बुरुजांवर उभे करतात. या किल्ल्यात तोफेपेक्षा मावळा मोठा असतो, मावळ्यापेक्षा शिवाजी महाराज मोठे असतात, आणि महादरवाजातून त्यांच्यापैकी कोणालाही आत शिरता येण्यासारखे नसते. म्हैसूरकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्यांची आरास मांडतात. तेथेही राजाराणीच्या लाकडी बाहुल्या मोठ्या, आणि वाणी, शेतकरी, हत्ती हे त्यांच्यापुढे लहान. या दोन्ही ठिकाणी आकार ठरतो तो मानावरून. त्यात चूक काहीच नाही. किंबहुना त्यातच त्या मांडणीची गोडी आहे.

परंतु प्रमाणबद्ध प्रतिकृती ही वस्तू निराळ्या जातीची आहे. तिच्यात मानापमानाला स्थान नाही. मूळ वस्तूचा प्रत्येक भाग एकाच पटीने लहान करावयाचा, एवढा एकच नियम तेथे चालतो. हा नियम पाळून बनविलेली वस्तू नकळत एक विधान करीत असते: ‘मूळ वस्तू अशी होती.’ आणि विधान केले की ते खरे की खोटे, हा प्रश्न उपस्थित होतोच. लढाऊ जेट विमानाची प्रतिकृती कशी जुळवावी व तिच्यातील तपशील कसे साधावेत, याची माहिती या लेखात द्यावयाची आहे. पण त्या सर्व कृतीच्या मुळाशी हा खरेपणाचा प्रश्न आहे, हे वाचकांनी सतत ध्यानात ठेवावे.

प्रमाण म्हणजे काय?

विमानांच्या प्रतिकृतींसाठी १:७२, १:४८ आणि १:३२ ही प्रमाणे विशेष रूढ आहेत. त्यांपैकी १:७२ हे सर्वांत अधिक प्रचारात आहे. सहा फुटांचे बहात्तर इंच होतात. म्हणून या प्रमाणात सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. ब्रिटनमध्ये १९३६ साली ‘फ्रॉग पेंग्विन’ या नावाने विकले जाऊ लागलेले विमानांचे संच याच प्रमाणात होते.

दुसऱ्या महायुद्धात या छंदाला अनपेक्षित गांभीर्य आले. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता यावे म्हणून सैनिकांना प्रतिकृती दाखवून शिकविले जाई. अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळांतील विद्यार्थ्यांना १:७२ प्रमाणातील पाच लाख लाकडी विमाने करून देण्याचे आवाहन केले. दहा मीटर अंतरावर धरलेली अशी प्रतिकृती ७२० मीटर दूर असलेल्या खऱ्या विमानाएवढी दिसते. तिचा पंख चुकीचा कोरला गेला, तर तिच्यावरून शिकलेला सैनिक आपल्याच विमानावर तोफ रोखण्याचा संभव होता. अचूकपणा ही तेथे केवळ हौस नव्हती.

विमानाची निवड

म्हैसूरहून मडिकेरीकडे जाणारा रस्ता हुणसूर ओलांडून पिरियापट्टणला येतो. तंबाखूची शेते, ती पाने उष्णतेने वाळविण्याच्या उंच खोल्या आणि एका जुन्या किल्ल्याचे अवशेष ही या परिसराची ओळख. याच तालुक्यातील बैलकुप्पे येथे तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. तेथून थोडे पुढे गेले की कावेरीकाठी कुशालनगर लागते आणि कोडगू जिल्हा सुरू होतो. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या हे भारताचे दोन सेनाप्रमुख याच लहानशा डोंगराळ प्रदेशातील. स्क्वाड्रन लीडर अज्जमाडा बोप्पय्या देवय्या हेही कोडगूचेच. मडिकेरीत त्यांच्या नावाचा चौक आहे.

पिरियापट्टणसारख्या गावातील एखाद्या मुलाला पहिलीच लढाऊ विमानाची प्रतिकृती करावयाची असेल, तर त्याने आपल्या रस्त्यावरून पुढे गेल्यावर भेटणाऱ्या या माणसाचे विमान निवडावे, हे सर्वथा स्वाभाविक होय. ते विमान म्हणजे फ्रान्सच्या दासो कंपनीचे मिस्टेअर ४-ए. त्याच्या पहिल्या नमुन्याने १९५२ साली उड्डाण केले. भारताने अशी शंभराहून अधिक विमाने विकत घेतली व ती १९५७ पासून हवाई दलात दाखल झाली. एक आसन, एक इंजिन, मागे झुकलेले पंख, नाकाच्या टोकाशी हवा आत घेणारे उघडे तोंड आणि त्याच्या खाली ३० मिलिमीटर व्यासाच्या दोन तोफा, असे त्याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याची रुंदी ११.१२ मीटर होती. तिला ७२ ने भागले असता सुमारे १५४ मिलिमीटर येतात. लांबी सुमारे १२.९ मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १७९ मिलिमीटर. हातात घेतलेल्या संचाची सत्यता पडताळण्याचा पहिला उपाय हाच आहे. संच उघडताच पट्टी घेऊन पंख व धड मोजावे आणि भागाकार करून पाहावा. एकदोन मिलिमीटरांचा फरक क्षम्य मानावा. पाच मिलिमीटरांचा फरक म्हणजे मूळ विमानातील छत्तीस सेंटिमीटर होत, हे विसरू नये.

संचाची ओळख

आजचे संच बहुधा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने भरून भाग पाडले जातात. ते प्लॅस्टिक साच्यात ज्या वाटांनी वाहते, त्या वाटाही गोठून सळ्यांच्या चौकटी बनतात आणि सारे भाग त्या चौकटींना चिकटलेले राहतात. ब्रिटनच्या मॅचबॉक्स कंपनीने मिस्टेअर ४-ए चा १:७२ प्रमाणातील संच काढला होता. तो आता जुन्या वस्तूंच्या बाजारातच मिळतो. संच न मिळाल्यास निराश होण्याचे कारण नाही. आराखड्याची प्रत योग्य प्रमाणात काढून मऊ लाकडातून धड व पंख कोरता येतात. महायुद्धकाळातील शाळकरी मुलांनी तेच केले होते.

साधने फार लागत नाहीत. धारदार पाते, बारीक कानस, टोकदार चिमटा, ४०० पासून २००० क्रमांकापर्यंतचे पॉलिशपेपर, कपडे वाळत घालण्याचे चिमटे, दोनतीन चांगली कुंचली आणि प्लॅस्टिक जोडण्याचा द्राव एवढ्यावर काम चालते. हा द्राव आणि रंगाचे थिनर यांची वाफ अपायकारक असते. म्हणून खिडकी उघडी ठेवूनच काम करावे, आणि मुलांनी पाते वापरताना घरातील मोठे माणूस जवळ असावे.

जुळणी

भाग चौकटीवरून हातांनी पिळून तोडू नयेत. पात्याने थोडी सळी राखून कापावेत व उरलेला खुंट नंतर कानशीने घासावा. यानंतरची पायरी नवशिके हमखास गाळतात. द्राव न लावता दोन भाग एकमेकांवर ठेवून पाहणे, ही ती पायरी होय. कोठे अडते, कोठे फट राहते, हे येथेच कळते व येथेच सुधारता येते.

प्लॅस्टिकचा द्राव हा गोंदासारखा चिकटत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळवितो आणि वाळल्यावर ते दोन्ही मिळून एकच होतात. म्हणून तो थोडाच लावावयाचा. भाग जुळवून धरावेत आणि सांध्यावर कुंचलीचे टोक टेकवावे. बारीक फटीत द्राव आपोआप ओढला जातो. चिमट्यांनी दाबून एक रात्र ठेवावे.

मिस्टेअर तीन चाकांवर उभे राहते: एक नाकाखाली व दोन पंखांखाली. प्रतिकृतीत शेपटीकडचा भाग जड होऊन ती मागे कलंडते. म्हणून धडाचे दोन अर्ध जोडण्यापूर्वी नाकात शिशाचा तुकडा पक्का बसवावा. मासेमारीच्या गळाचे शिसे यासाठी उत्तम. ही गोष्ट धड बंद झाल्यावर आठवली, तर उपाय उरत नाही.

धडाच्या मधून जाणारा सांधा खऱ्या विमानावर नसतो. तो केवळ संचाचा दोष आहे. तो लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरावा आणि वाळल्यावर पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासावा. बोटाचे टोक हे डोळ्यांहून चांगले परीक्षक आहे. डोळे मिटून सांध्यावरून बोट फिरवावे. तो लागला नाही, तरच तो गेला असे समजावे.

तपशिलांची मर्यादा

यापुढे खरी परीक्षा सुरू होते. संचातील भाग कितीही चांगले असले, तरी प्लॅस्टिक फार पातळ ओतता येत नाही. प्रतिकृतीतील एक मिलिमीटर जाडीची कड म्हणजे मूळ विमानावर ७२ मिलिमीटर जाडीची कड झाली. पंखाची मागची कड तर पात्यासारखी असते. म्हणून पंखाचे दोन्ही भाग जोडण्यापूर्वी त्यांची मागची कड आतून घासून पातळ करावी. चाकांच्या कप्प्यांची दारेही तशीच घासावीत.

नाकाच्या उघड्या तोंडातून पाहिल्यास आतील पोकळ धड दिसता कामा नये. खऱ्या विमानात त्या तोंडातून शिरलेली हवा वैमानिकाच्या आसनाच्या दोन्ही बाजूंनी वाट काढीत इंजिनापर्यंत जाते. पातळ प्लॅस्टिकच्या पट्टीचा आडोसा करून त्या वाटेचा आरंभ दाखविता येतो. तोफांच्या नळ्या व वेग मोजणारी नळी संचात जाड येतात. त्या कापून त्यांच्या जागी सुईच्या पोकळ पोलादी नळीचे तुकडे बसवावेत. बारीक तारा हव्या असल्यास चौकटीच्या सळीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून मऊ करावा आणि सावकाश ताणावा. केसाएवढा धागा निघतो. आसनाचे पट्टे जाड कागदाच्या पट्ट्यांचे करावेत.

मात्र तपशील जितके अधिक तितकी प्रतिकृती चांगली, असा समज करून घेऊ नये. जुन्या संचांवर पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा खोल कोरलेल्या असतात. ०.३ मिलिमीटर रुंदीची रेषा म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ २२ मिलिमीटरची भेग. अशा भेगा पडलेले विमान कोणी उडविणार नाही. येथे एक साधा हिशेब उपयोगी पडतो. प्रतिकृती आपण अर्ध्या मीटरवरून पाहतो, म्हणजे खरे विमान ३६ मीटरवरून पाहतो. तेवढ्या अंतरावरून पत्र्यावरील रिव्हेट दिसणार नाहीत. मग ते प्रतिकृतीवर ठळक कोरणे म्हणजे अधिक ज्ञान दाखविणे नव्हे, तर खोटे सांगणे होय. रंगांनाही हा हिशेब लागू आहे. अंतरावरून रंग फिके भासतात. म्हणून काळा रंग सरळ काळा न देता किंचित करडा द्यावा.

रंग आणि चिन्हे

भारतीय हवाई दलातील मिस्टेअर विमाने उघड्या धातूच्या रूपेरी अंगाने उडत. पुढील काळात ती छद्मरंगातही दिसली. तेव्हा कोणत्या वर्षाचे विमान करावयाचे, हे रंगाची बाटली उघडण्यापूर्वीच ठरले पाहिजे. धातूचा रंग कठोर असतो. हिरव्या रंगाखाली लपणारा ओरखडा रूपेरी रंगाखाली दुप्पट उठून दिसतो. यासाठी पृष्ठभाग २००० क्रमांकाच्या कागदापर्यंत घासून, त्यावर चकचकीत काळे अस्तर देऊन मग ॲल्युमिनियमचा पातळ थर द्यावा. शेपटीजवळील पत्रा इंजिनाच्या उष्णतेने अधिक गडद झालेला असतो; तेथे रंगात थोडा काळा मिसळावा.

पिरियापट्टणच्या बाजूला जून ते सप्टेंबर हवा ओलसर असते. या दिवसांत झटपट वाळणाऱ्या रंगांचा उपयोग जपून करावा. रंगातील द्रावक वेगाने उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर जमते आणि रंगावर पांढुरकी साय धरते. पाऊस उघडलेल्या कोरड्या दुपारची वाट पाहणे हाच त्यावर खात्रीचा इलाज.

चिन्हे पाण्यात भिजवून कागदावरून सरकवीत बसवितात. खरबरीत पृष्ठभागावर त्यांच्याखाली हवा अडकते व ती चंदेरी दिसते. म्हणून खालचा रंग चकचकीत हवा. भारतीय हवाई दलाच्या गोल चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरे व केंद्रस्थानी हिरवे असते. शेपटीवरील पट्ट्यांत केशरी पट्टा दोन्ही बाजूंना पुढे, म्हणजे नाकाच्या दिशेला, येतो. त्यामुळे एका बाजूची चौकट दुसऱ्या बाजूच्या चौकटीचे आरशातील प्रतिबिंब असते. एकाच क्रमाची दोन चिन्हे दोन्हीकडे चिकटविण्याची चूक फार वेळा होते.

तपशील आणि पुरावा

प्रत्येक तपशिलाला आधार कोणता, हे सांगता यावे यासाठी एक वही ठेवणे इष्ट. तिच्यात तीन रकाने आखावेत: छायाचित्रात पाहिलेले, लेखी नोंदीत वाचलेले आणि केवळ अंदाजाने घेतलेले. शक्य असेल तेव्हा खरे विमान पाहावे. दिल्लीला पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात मिस्टेअर आहे. मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात आणि बंगळूरच्या विश्वेश्वरय्या संग्रहालयात बंगळूरलाच बनलेले ‘मारुत’ पाहावयास मिळते. जेट विमानाचा पत्रा, चाके व सांधे जवळून कसे असतात, हे त्यावरूनही समजते. मात्र संग्रहालयातील विमान पुन्हा रंगविलेले असण्याचा संभव असतो. ते आकाराचा पुरावा देते; रंगाचा देईलच असे नाही.

तिसऱ्या रकान्यातील गोष्टी प्रतिकृतीवर शक्य तितक्या कमी याव्यात. जेथे आधार नाही, तेथे जागा रिकामी ठेवावी. हा नियम कित्येकांना रूक्ष वाटतो. रिकाम्या जागेचे महत्त्व काय असते, हे देवय्यांच्या हकीकतीवरून कळेल.

७ सप्टेंबर १९६५ रोजी पहाटे पंजाबमधील आदमपूर तळावरून पहिल्या स्क्वाड्रनची बारा मिस्टेअर विमाने पाकिस्तानातील सरगोधा या हवाई तळावर हल्ला करण्यासाठी निघावयाची होती. देवय्या त्या बारांत नव्हते. कोणाचे विमान मागे राहिले तर त्याची जागा घेण्यासाठी ते राखीव होते. प्रत्यक्षात त्यांनीही झेप घेतली व ते हल्ल्यात सामील झाले. बाकीचे परतत असताना पाकिस्तानच्या फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी आपल्या एफ-१०४ स्टारफायटर विमानातून देवय्यांना गाठले. स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. मिस्टेअरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नव्हता. देवय्यांनी पळ काढला नाही. ते उलटून लढले. स्टारफायटर कोसळले व अमजद हुसेन हवाई छत्रीने उतरले. देवय्या परत आले नाहीत.

आपल्या बाजूच्या कोणीही ही झुंज पाहिली नव्हती. त्यामुळे आपल्याकडे त्यांची नोंद राहिली ती ‘परत न आलेला वैमानिक’ एवढीच. चौदा वर्षांनी, १९७९ मध्ये, ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे पाकिस्तानी हवाई दलाच्या १९६५ मधील लढाईविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले. आपले एक स्टारफायटर मिस्टेअरशी झालेल्या झुंजीत नष्ट झाल्याची प्रतिपक्षाची हकीकत त्यात आली होती. दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्यावर ते मिस्टेअर कोणाचे, हे उलगडले. १९८८ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी, देवय्यांना महावीरचक्र देण्यात आले.

या घटनेत प्रतिकृती करणाराने घेण्याजोगा एक धडा आहे. त्या तेवीस वर्षांत कोणी त्यांच्या शेवटच्या उड्डाणाची सोयीस्कर कथा रचून नोंदीतील रिकामी जागा भरून टाकली असती, तर पुढे आलेल्या सत्याला बसण्यास जागाच उरली नसती. नोंद अपुरी होती. पण ती खोटी नव्हती, म्हणूनच ती पुरी होऊ शकली. प्रतिकृतीचेही असेच आहे. आधार नसलेला क्रमांक, ऐकीव बॉम्ब, शोभेसाठी ओढलेले धुराचे डाग यांनी सजविलेले विमान अधिक आकर्षक दिसेल. पण उद्या एखादे छायाचित्र मिळाले, तर ते पाहणाऱ्याला त्या प्रतिकृतीचा काहीच उपयोग होणार नाही. त्याउलट, ज्या भागाचा आधार मिळाला नाही तो साधा ठेवला असेल, तर तेवढाच भाग सुधारून घेता येतो.

तेव्हा हे विमान कसे मांडावे? लढाईतील क्षण प्लॅस्टिकमध्ये धरता येत नाही व धरू पाहूही नये. ते चाकांवर उभे करावे, छत मागे सरकविलेले, आसन रिकामे आणि शिडी टेकविलेली. राखीव विमान उड्डाणापूर्वी असेच उभे असते. त्याला जावे लागेल की नाही, हे अजून ठरावयाचे असते. शेजारी २४ मिलिमीटरांची एक मनुष्याकृती ठेवावी. दिवाळीच्या किल्ल्यावरील राजापुढे ती फारच लहान दिसेल. परंतु विमानाशेजारी ती बरोबर तेवढीच असली पाहिजे, जेवढा तो माणूस त्या विमानाशेजारी होता.